एकच घर आहे, तर पारखायचं काय?

पत्र, थोडक्यात: "सासूबाई ८१ वर्षांच्या. माघात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, बांबोळीला, गोव्याच्या सरकारी रुग्णालयात, ऑपरेशन झालं. त्यानंतर उठल्याच नाहीत. लघवीची नळी आहे. दिवसरात्रीचा मेळ राहिलेला नाही, मधेच मला त्यांची वारलेली बहीण समजतात. गेल्या आठवड्यापासून माकडहाडावर लाल डाग दिसतोय. मी पतसंस्थेत कारकून आहे. ह्यांची बायपास झालेली, वजन उचलायला मनाई. धाकटे दीर डोंबिवलीला, नणंद कोल्हापूरला. आमच्यापासून १४ किलोमीटरवर एक आश्रम आहे, अंथरुणावरची माणसं घेतात, सध्या अठराजण आहेत. महिना १६ हजार. जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरा आहे, तिथे जागा नाही. कोल्हापुरात एक चांगला आहे म्हणतात, २८ हजार, पण मध्ये घाट. दीर फोनवर सांगतात, चार ठिकाणं नीट बघा आणि मग ठरवा. चार आहेत कुठे? एकच असेल तर पारखायचं काय आणि कसं? आणि मी त्यांना टाकतेय का, तेही सांगा." सिंधुदुर्गातील एक सून

ताई,

आश्रमाचं नंतर बघू. आधी तो लाल डाग. अंथरुणावर पडून पडून जी जखम होते, तिची ती पहिली खूण असू शकते.

आज रात्री त्या डागावर बोट तीन-चार सेकंद दाबून धरा आणि उचला. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ हातात आहे. लाल ती लालच राहिली तर जखम आत सुरू झाली, वरची कातडी धड दिसत असली तरी. (सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीने बघा, आजूबाजूपेक्षा गरम लागतं का.) काही असलं तरी काम एकच: पाठीवर झोपवून ठेवणं बंद. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागे उशी लावून अंग थोडं कलतं ठेवायचं. पूर्ण कुशीवर वळवलंत तर सगळा भार खुब्यावर येतो, आणि त्यांचा एक खुबा तर ऑपरेशनचा. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली चादरीची घडी. स्पिरिट आणि पावडर लावून चोळू नका. घराघरात हे करतात, नव्या नोकरीत आम्हीही वॉर्डात इमानेइतबारे करायचो, पण लाल झालेली जागा चोळली की आतली इजा वाढते. मधे भोक असलेली ती रबरी रिंगही नको. जागा काळपट झाली, फोड आला, वास यायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

हे आधी लिहिलं, कारण त्या आश्रमात हेच काम रात्री दोन वाजता कोण करणार, एवढंच मला सगळ्यात आधी जाणून घ्यायचं असतं. बाकीची पारख त्याच्या मागून.

दिरांचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते डोंबिवलीचं आहे. जिथे चार आश्रम आहेत तिथे चार बघावेत. तुमच्याकडे बघायचं ते वेगळ्या कामासाठी. गावात विहीर एकच असली म्हणून कोणी पाण्यात डोकावणं सोडत नाही; गाळून घ्यायचं की उकळून, एवढं तरी कळतं. त्या घरात काय होतं आणि काय होत नाही, याची यादी तुम्हाला हवी आहे. जे होत नाही ते तुम्हाला करावं लागेल, किंवा पैसे देऊन करवून घ्यावं लागेल. ती यादी तुमच्या ताकदीबाहेर गेली, तर मग घाटापलीकडचा विचार.

कागदांचं आधी उरकते. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की लोकांना डॉक्टरचं दहा खाटांचं हॉस्पिटल आठवतं, आणि म्हाताऱ्यांच्या घराला आपण आश्रम म्हणतो. कायद्यात मात्र १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमात आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा पुरवणारी कुठलीही जागा शुश्रूषागृह ठरते. म्हणून मालकांना विचारा, नोंदणी कसली आहे? बहुतेक वेळा भिंतीवरचं धर्मादाय आयुक्तांचं प्रमाणपत्र दाखवतात. त्यावरून ट्रस्ट नोंदलेला आहे एवढं कळतं. तिथे राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालता येणारं कोणी आहे की नाही, ते त्या कागदाला ठाऊक नसतं. शुश्रूषागृहाची नोंदणी असेल तर उत्तम. नसेल तर तेवढ्यावरून घर बाद करू नका, पण तिथे वैद्यकीय काम होईल हे गृहीतही धरू नका.

गूगलवरचे तारे दिरांनी पाठवले असतीलच. ते तारे कोण देतं? लेकराच्या वाढदिवसाला अन्नदान करायला आलेली माणसं. अर्धा तास थांबतात, आजी-आजोबांबरोबर फोटो काढतात, भरल्या गळ्याने पाच तारे देऊन जातात. त्यांचा काही दोष नाही, पण त्यांनी चादर उचलून बघितलेली नसते. अमेरिकेत सरकारच २००८पासून नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं, दर माणसामागे किती तास शुश्रूषा मिळते तेही जाहीर करतं. तिथलं सरकारसुद्धा सांगतं की ताऱ्यांवर थांबू नका, स्वतः जाऊन बघा. मग आपण तर जायलाच हवं.

जायचं कसं, ते मी स्वतः फसून शिकले. चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत काढली, मेट्रन म्हणून निवृत्त झाले, आणि माझ्या सख्ख्या मावशीसाठी घर बघायला गेले ते रविवारी सकाळी अकराला, फोन करून. फिनाइलचा घमघमाट, इस्त्रीच्या साड्या, हॉलमध्ये भजन. मी रुबाबात विचारलं, "सिस्टर किती?" म्हणाले, "चार." मी खूश. तीन आठवड्यांनी एका गुरुवारी बस चुकली म्हणून संध्याकाळी साडेसातला पोचले. दिवे मालवलेले. जेवणं साडेपाचला उरकली होती. मावशीच्या उजव्या टाचेवर सुपारीएवढा फोड. आणि ते 'चार' म्हणजे हजेरीपटावरचे चार: एक बाळंतपणाच्या रजेवर, एकीची साप्ताहिक सुट्टी, दोघी दिवसपाळीच्या. रात्री तिथे सिस्टर म्हणून कोणीच नसायची. एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आणि गेटवरचा वॉचमन. मुलगी बिचारी चांगली होती. मला बघून रडायला लागली.

तेव्हापासून मी 'किती माणसं आहेत' हे विचारत नाही. "काल रात्री दोन वाजता कोण कोण जागं होतं? नावं सांगा." नावं पटकन आली तर ठीक. "असतात ना आमची दोन-तीन" असं आलं तर समजा.

याचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता, पतसंस्थेतल्या आहात. अठराजणांपैकी पूर्ण अंथरुणावरचे किती ते विचारा. समजा सात आहेत. एकाला कुशीवर वळवायचं, ओलं काढायचं, कोरडं घालायचं, उशा लावायच्या, घोटभर पाणी द्यायचं: हात सरावलेले असले तरी दहा मिनिटं. सात माणसांची सत्तर मिनिटं. दोन तासांत, म्हणजे एकशेवीस मिनिटांत, सत्तर अशी गेली. उरलेल्या पन्नासात अकराजणांपैकी कोणी उठून बाथरूमला जाणार, कोणी गेटाकडे चालू लागणार, कोणाला दम लागणार. आणि जड माणूस एकट्या बाईला वळवता येत नाही. ओढत वळवलं की कातडी घासून निघते. म्हणून रात्री एकच बाई असेल तर ती कितीही मायाळू असो, तुमच्या सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलली जाणार नाही. मी त्या बाईला दोष देत नाही. काम दोघींचं आहे आणि पगार एकीचा.

आता प्रत्यक्ष जाण्याचं. दोनदा जा. एकदा दुपारी जेवणाच्या वेळी, एकदा संध्याकाळी सातनंतर, दुसऱ्यांदा न सांगता. वासावरून लगेच निकाल देऊ नका. लघवीचा वास कुठल्याही चांगल्या वॉर्डात येतो. अर्ध्या तासानेही तोच वास त्याच खाटेवरून येतोय का, ते बघा. उलट सगळीकडे फक्त फिनाइलच असेल तर मला शंका येते.

खाटेजवळ उभं राहून पहिल्यांदा पाण्याचं भांडं बघा. भरलेलं आहे का, आणि खाटेवरच्या माणसाचा हात तिथवर पोचतो का? किती ठिकाणी मी टेबलावर तांब्या बघितलाय, वर झाकण, शेजारी फुलपात्र, सगळं देखणं, आणि म्हाताऱ्या माणसापासून चार फूट लांब. ओठ बघा, कोरडे पडलेत का. नखं बघा. मग लघवीच्या पिशव्या. पिशवी खाटेच्या दांडीला, अंगापेक्षा खाली, जमिनीपासून वर टांगलेली हवी. फरशीवर लोळत असेल, किंवा कोणी गादीवर माणसाच्या कुशीत ठेवली असेल, तर तिथल्या माणसांना शिकवणारं कोणी नाही. सासूबाईंना नळी आहे म्हणून हे तुम्हाला दुप्पट महत्त्वाचं. नळी कधी बदलली त्याची तारीख कुठे लिहितात, कोण बदलतं, हेही विचारा. म्हातारी माणसं अचानक जास्त बडबडायला लागली किंवा गुंगीत गेली तर कित्येकदा लघवीतला जंतुसंसर्ग असतो, ताप यायच्याही आधी. "वय झालं की असं होतंच" म्हणणारं घर ते ओळखणार नाही.

दुसऱ्याच्या अंगावरची चादर आपण उचलू शकत नाही. पण टाचा सहसा उघड्या असतात. त्या बघा. आणि कोणी नातेवाईक भेटायला आले असतील तर त्यांच्याशी बाहेर, चपला घालताना बोला: "तुमच्या माणसाच्या पाठीला काही झालंय का हो?" फाटकाबाहेर लोक खरं बोलतात.

जेवताना बघा, भरवणारी बाई बसून भरवते की उभ्याने. उभ्याने भरवते म्हणजे अजून चारजण बाकी आहेत. माणूस उठवून, पाठीला टेकू देऊन भरवतात की आडव्यालाच? आडव्याला भरवलेली पेज श्वासनळीत जाऊ शकते, काही दिवसांत न्यूमोनिया होतो, आणि कागदावर कारण म्हणून 'वार्धक्य' लिहिलं जातं. भरवल्यावर अर्धा तास तरी डोकं वर ठेवतात का, तेही विचारा.

दुपारी चार वाजता सगळा वॉर्ड गाढ झोपलेला दिसला तर "किती शांत आहे" म्हणून समाधान मानू नका. झोपेच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून देतात, चिठ्ठी दाखवा म्हणा. विसरभोळेपणा असलेल्या म्हाताऱ्यांना शांत ठेवायला मानसिक आजाराची औषधं सर्रास दिली जातात. त्यांनी अशा रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिलेला आहे. कधी ती द्यावी लागतात, मी नाही म्हणत नाही. पण ती डॉक्टरने लिहिलेली असावीत आणि तुम्हाला सांगितलेली असावीत.

आपल्या भागाचा म्हणून एक प्रश्न आहे, जो पुण्या-मुंबईच्या कुठल्याही यादीत मिळणार नाही. लाईट गेली की काय करता? पाठीला जखम होऊ नये म्हणून घालतात ती हवेची गादी विजेवर चालते. मिरगाच्या वादळात तार तुटली आणि दोन दिवस लाईट नाही, तर दोन दिवस ती गादी म्हणजे नुसतं प्लास्टिक. ऑक्सिजनचं यंत्र तसंच, विहिरीचा पंपही तसाच. इन्व्हर्टर आहे का, तो किती तास टिकतो, जनरेटरमध्ये डिझेल कोण भरतं. मग रस्ता: जुलैत मधल्या पुलावर पाणी येतं का? १०८ची गाडी आतल्या दारापर्यंत येते, की माणूस खुर्चीवर घालून पाणंदीतून आणावा लागतो? तिथे मोबाइलला रेंज आहे का? हसू नका. रात्री फोन करायला आवाराच्या कोपऱ्यातल्या फणसाखाली जावं लागतं, अशी घरं मी बघितलीत.

मालकांना शेवटी हे विचारा: "शेवटचं माणूस घाईने दवाखान्यात कधी न्यावं लागलं? काय झालं होतं?" चांगलं घर चालवणारा सगळी गोष्ट सांगतो, स्वतःची चूकही सांगतो. म्हणतो, उशीर झाला आमच्याकडून, त्यानंतर आम्ही असं करायला लागलो. "आमच्याकडे तसं काही होतच नाही" म्हणणाऱ्याकडे तुमचं माणूस ठेवू नका. आणि एक अवघड प्रश्न, पण विचाराच: रात्री कोणी गेलं तर काय करता? डॉक्टर दाखला द्यायला येतो का, घरच्यांना लगेच कळवता की सकाळची वाट बघता, वाडीवर न्यायला गाडी मिळते का. हे विचारताना तुमचा आवाज कापेल, कापू दे.

आता, एकच घर असलं तरी कशावर पाठ फिरवायची? माझ्या मते चार गोष्टींवर. कोणाचेही हात खाटेला बांधलेले दिसले तर. भेटायला ठराविक दिवशी ठराविक तासालाच या, असं म्हणाले तर. रात्री अठरा माणसांमागे एकच बाई असेल आणि दुसरी ठेवायला ते तयार नसतील तर. आणि ठरलेला डॉक्टर कोण, याचं नाव मिळालं नाही तर. बाकी पडका रंग, जुन्या खाटा, रोज तीच डाळ, तक्त्यावर चुकीच्या वेलांट्या, हे सगळं चालतं. चिरेबंदी जुन्या घरात आणि मळक्या भिंतींत मी उत्तम शुश्रूषा बघितली आहे.

तिसऱ्या अटीवर तुम्हाला वाटाघाट करता येते. रात्रीची बाई एकच असेल तर सात-आठ घरांनी मिळून दुसरीचा पगार उचलायची तयारी दाखवा. मालकांना नकोच असेल तर त्यांचं मनही कळेल. किंवा वाडीतलीच एखादी बाई फक्त सासूबाईंसाठी रात्री नऊ ते सकाळी सहा ठेवू देतात का, विचारा. त्यात पैसे जातील, पण १६ आणि २८ यांत १२ हजारांचं अंतर आहे, त्यात काय बसतं ते बघा. तीच बाई रात्री तुमच्या घरी ठेवता आली आणि दिवसा शेजारची कोणी, तर आश्रमाशिवायही वर्ष निघू शकतं. हा हिशेबही कागदावर मांडा. अनेकजण तो मांडतच नाहीत.

कोल्हापूरबद्दल. तुम्ही 'मध्ये घाट' लिहिलंत आणि विषय सोडलात, पण त्याच पत्रात नणंद कोल्हापूरला असल्याचंही लिहिलंय. अंतर तुमच्यापासून मोजू नका. आठवड्यातून दोनदा जे माणूस जाणार आहे, त्याच्या दारापासून मोजा. नणंद खरोखर जाणार असतील, सातच्या आत-बाहेर, न सांगता, चादर उचलून बघणार असतील, तर २८ हजारांचं घर जवळचं आहे. महिन्यातून एकदा सफरचंदं घेऊन जाणार असतील, तर ते लांबचं आहे, भले चार गल्ल्यांवर असो. कोणी सतत येतं-जातं त्या खाटेकडे बायांचं लक्ष आपोआप जास्त जातं, हे मी वॉर्डात रोज बघितलंय. ते न्याय्य नाही, पण तसं आहे.

याला दुसरी बाजू आहे. सासूबाईंचा मेळ सुटत चाललाय, आणि अशा वेळी माणूस लहानपणीच्या भाषेत परततं. "माका तान लागली" हे आमच्याकडच्या मुलीला झोपेतही कळेल. घाटावरच्या नव्या मुलीला कदाचित वाटेल, पाय ताणलाय. उकड्या तांदळाची पेज आणि सोबत भाजलेली सुकी मासळी म्हटल्यावर तिथलं स्वयंपाकघर गोंधळेल. जेवण कमी झालं की जखम भरत नाही. म्हणून बाकी सगळं सारखं असेल तर माझा कौल १४ किलोमीटरच्या घराला. पण ते 'सारखं' म्हणजे काय, ते वर लिहिलंय.

दिरांना एक सांगा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा आहे, त्यात जबाबदार धरलेल्या अपत्यांत मुलगा, मुलगी, नातू, नात अशी नावं आहेत. सून त्या व्याख्येत नाही. म्हणजे कायद्याने जिचं नावही घेतलेलं नाही ती गादी धुतेय आणि ज्याचं घेतलंय तो फोनवर सल्ला देतोय. वादासाठी प्रांतांकडे न्यायाधिकरण आहे, पण तिथवर जाऊ नका. फक्त हे वाक्य व्हॉट्सॲपवर टाका आणि महिन्याचा वाटा किती, एवढं विचारा. आश्रमात काही वाईट दिसलं आणि मालक ऐकत नसतील तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फुकट फोन आहे, तो घरातल्या सगळ्यांकडे लिहिलेला असू द्या.

मी त्यांना टाकतेय का, असं तुम्ही विचारलंत. टाकलेल्या माणसाच्या माकडहाडावरचा डाग कोणी बघत नाही, ताई. तुम्ही तो पहिल्याच आठवड्यात बघितला.

ठेवायचं ठरलं तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका. एक महिना करून बघा, आणि तसं लिहून घ्या. अनामत किती दिवसांत परत, डायपर आणि औषधं कोणाची, दवाखान्यात नेल्यावर सोबत कोण थांबणार, जखम वाढली तर ठेवतात की घरी पाठवतात, हे त्याच कागदावर. दिवसाला किती डायपर लागतात ते विचारा; 'दोन' म्हणाले तर डाग भरायचा नाही. आधारची झेरॉक्स द्या, मूळ कार्ड आणि पासबुक घरी. हातातल्या पाटल्या काढून ठेवा. चष्मा आणि कवळीच्या डबीवर नाव लिहा, कारण आश्रमात कवळ्या बदलतात आणि मग आठ दिवस कोणी नीट जेवत नाही. पहिले तीन दिवस तुम्ही किंवा घरचं कोणी दिवसभर तिथे बसा. त्यांना कुठल्या कुशीवर झोप लागते, चहा किती गोड लागतो, रात्री कोणाच्या नावाने हाका मारतात, हे एका कागदावर लिहून खाटेच्या वर चिकटवा. सोडताना पाठीचा आणि टाचांचा फोटो काढा, तारखेसकट, मालकांच्या समोर. भांडण नको म्हणूनच.

घाई नसेल तर निर्णय चवथीपर्यंत थांबवा. कोकणात त्या दिवशी प्रत्येकाला आपल्या घरी असायचं असतं, आश्रमातल्या बायांनासुद्धा. दीर येतीलच गणपतीला. दुपारी नैवेद्य झाला की त्यांना गाडीत घाला, एकवीस मोदक बांधून घ्या आणि न कळवता तिथे जा. मोदक वाटता वाटता कामावर किती माणसं आहेत ती मोजा. मोजणी दिरांना करू द्या, तुम्ही पाण्याची भांडी बघा.